उभ्या दिव्याचा आधी पाय बघा, मग शेड

प्रश्न थोडक्यात असा: नव्या घराच्या हॉलसाठी इंटिरियर डिझायनरने कमानीसारखा वाकलेला, संगमरवरी पायाचा फ्लोअर लॅम्प सुचवला आहे. घरात आजीची उंच पितळी समई पडून आहे. तिच्यातून वायर ओवून तिचाही दिवा करू, असं त्याचं म्हणणं. अशा उभ्या दिव्यांना कलेच्या इतिहासात खरंच काही जागा आहे, की ही दुकानदारांनी चालवलेली हौस? आणि समई फ्लोअर लॅम्पमध्ये धरायची का?

जागा आहे, आणि मानाची आहे. समईसुद्धा त्यात धरायचीच. घरातल्या उजेडाची आखणी करणं आणि जुने दिवे दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. त्यामुळे उभा दिवा समोर आला की मी तो खालून वर बघतो. आधी पाय, मग दांडा, मग उजेड कुठे पडतो ते. नक्षी सगळ्यात शेवटी. नक्षीला मी कमी लेखतो असं नाही. पण दिव्याची नक्षी बहुतेक वेळा या तीन गोष्टींच्या मागून येते, आणि त्या कळल्याशिवाय तिचा अर्थ लागत नाही.

हजारो वर्षं या वस्तूचा आकार दोन गोष्टींनी ठरवला. एक, ज्योत वरच्याच दिशेने जाते. तिला उलटं टांगता येत नाही. दुसरं, घरातला माणूस जमिनीवर बसतो की खुर्चीवर. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात, खुर्चीवर बसलेल्याचे पावणेचार फुटांच्या आसपास. समई दोन-तीन फुटांची का, तर ती मांडी घालून बसणाऱ्यांच्या घरातली आहे. पूजेला, पंगतीला, पोथीला बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर तिची ज्योत येते. तीच समई सोफ्याशेजारी ठेवली की बुटकी वाटते. दोष तिचा नाही, मधे सोफा आला.

मालवणी समई नीट न्याहाळा. तळ पसरट, कारण वर तेलाने भरलेलं तबक असतं आणि धक्का लागला तर सगळं ओझं शेंड्याकडे. तळाला उभी कड, ओघळलेलं तेल अडवायला. दांडा एकसंध नसतो. ओतलेले तुकडे लेथवर कातून आट्यांनी एकमेकांत बसवतात, म्हणजे घासायला आणि फडताळात ठेवायला समई उकलता येते. दांड्यावरच्या त्या कंगोऱ्यांत सांधे लपतात आणि तेलकट हाताला पकडही मिळते. वर पाच वातींची जागा, त्यावर मोर नाहीतर हंस. केरळची निलविळक्कु आणि तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या नाच्चियारकोविलची कुत्तुविळक्कु हे याच कुळातले दिवे. शेंडा बदलतो, तळाचा हिशोब तोच राहतो.

जमिनीवर बसणाऱ्यांच्या दिव्यांतला मला सर्वांत हुशार वाटणारा दिवा चीनमधला आहे. १९६८ मध्ये हपेई प्रांतात मान्छंग इथे हान काळातली राणी तोउ वान हिची कबर उघडली, तिच्यात सोन्याचा मुलामा दिलेली कांस्याची एक दासी सापडली. गुडघ्यांवर बसलेली, हातात दिवा, उंची ४८ सेंटिमीटर. तिची उजवी बाही दिव्यावर झाकणासारखी येते. ती आतून पोकळ आहे. धूर बाहीतून वर चढतो आणि तिच्या पोकळ अंगात जातो, काजळी तिथेच बसते. दिव्याभोवतीचं झाकण फिरवून उजेड कमी-जास्त करता येतो, कुठल्या बाजूला टाकायचा तेही ठरवता येतं. मूर्ती सुट्या भागांची आहे, त्यामुळे ती उकलून धुता येत असे. हे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं काम! आजच्या टेबललॅम्पवाल्यांनी हिच्यासमोर थोडा वेळ उभं राहावं.

रोमन लोक मात्र जेवायलाही पलंगावर लवंडायचे, त्यामुळे त्यांचा दिवा उंच झाला. पाँपेईत सापडलेले कांस्याचे दिवाधारक पाहिले तर खाली सिंहाच्या पंजांचे तीन पाय, त्यातून निघालेला सडपातळ दांडा, वर एक चकती आणि चकतीवर सुटा तेलाचा दिवा. तीनच पाय, कारण खडबडीत फरशीवर तीन पाय कधी डुगडुगत नाहीत. चौथा आला की एक हवेत राहणारच. त्या काळी ही श्रीमंतीची खूण होती. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी लिहितो की वरचा भाग ग्रीसच्या एजिना बेटावरचा चांगला आणि दांडा दक्षिण इटलीतल्या टॅरेंटमचा, आणि असा दिवाधारक घ्यायला सैन्यातल्या ट्रिब्यून या अधिकाऱ्याच्या पगाराइतकी रक्कम मोजताना लोकांना लाज वाटत नाही. त्याने एक किस्साही दिलाय. गेगानिया नावाच्या बाईने लिलावात पन्नास हजार सेस्टर्सना (ही रोमन नाणी) दिवाधारक घेतला, आणि लिलाववाल्याने त्यावर क्लेसिप्पस नावाचा कुबडा धोबी-गुलाम फुकट दिला. पुढे बाईचं मन त्याच्यावरच बसलं, मृत्युपत्रात तिने संपत्ती त्याच्या नावे केली, आणि श्रीमंत झालेला क्लेसिप्पस त्या दिवाधारकाला देव मानून पुजू लागला. फ्लोअर लॅम्पची इतकी चांगली जाहिरात नंतर कुणाला जमली नाही.

कलेत हा दिवा शिरला तोही इथेच. रोमन भिंतीचित्रांत एक काळ असा आला की चित्रकार खांबांऐवजी बारीक, लांबलचक दिवाधारक रंगवून त्यांच्यावर अख्खी देवळं तोलून धरू लागले. वास्तुविद व्हिट्रुव्हियस यावर भलताच चिडला होता. दिव्याचा दांडा छप्पर कसं पेलेल, असा त्याचा रास्त सवाल. बांधकामाच्या हिशोबाने तो बरोबर आणि चित्राच्या हिशोबाने चूक, असं माझं मत. ती चित्रं आज बघताना डोळा पहिल्यांदा त्या अशक्य दांड्यांवरच जातो. त्याच रोममध्ये टायटसच्या कमानीवर इसवी सन ८१ च्या सुमाराचं शिल्प आहे. जेरुसलेमच्या मंदिरातून लुटलेला सात फांद्यांचा दिवाधारक सैनिक खांद्यांवरून मिरवत नेताहेत. एका दिव्यात अख्ख्या समाजाचा मान आणि पराभव दोन्ही मावतात, हे त्या दगडात कोरलेलं आहे.

आता थोडं बोचरं. दिवा धरणारी माणसाची आकृती सगळीकडे सापडते. चीनमध्ये ती दासी, आपल्याकडे दीपलक्ष्मी. पॅरिसच्या १८७५ मध्ये उघडलेल्या ऑपेराच्या भव्य जिन्यापाशी शिल्पकार कारिए-बेल्यूझने घडवलेल्या कांस्याच्या स्त्रिया दिव्यांचे झुबके उंचावून उभ्या आहेत. व्हेनिसच्या महालांत तर काळ्या गुलामांच्या आकृती रंगवून, सोनेरी मुलामा देऊन दारांशी उभ्या केल्या जात. दीपलक्ष्मी देवासमोर भक्तीने उभी असते, तिची जात वेगळी. बाकीच्यांत मात्र एक जुनी व्यवस्था धातूत आणि लाकडात ओतलेली आहे. खऱ्या घरांतही दिवा धरायला माणूसच ठेवलेला असे. आपल्याकडचे दिवट्या आणि मशालजी तेच. अकबराच्या दरबारी संध्याकाळ झाली की सोन्याचांदीच्या बारा दिवाधारकांवर बारा मेणबत्त्या लावत, असं ऐन-ए-अकबरीत नोंदवलंय. प्रत्येक दिव्यामागे सेवक आलाच. व्हेनिसच्या त्या आकृत्यांच्या नकला आजही बाजारात ‘अँटिक’ म्हणून विकायला येतात. कुणी विचारलं तर मी घेऊ नका म्हणतो, आणि कारणही सांगतो.

युरोपातलं सतरावं-अठरावं शतक भराभर ओलांडू. तेव्हा मेणबत्त्यांचं झाड ठेवायला उंच, अरुंद स्टँड निघाले, फ्रेंचांचे तोर्शेर. व्हर्सायच्या आरसेमहालात चौदाव्या लुईने ते चांदीचे करवून घेतले होते, पण लढायांच्या खर्चासाठी १६८९ मध्ये ते सगळं चांदीचं सामान वितळवलं. इंग्लंडात टॉमस जॉन्सन या लाकूडकोरक्याने १७५८ च्या सुमाराला हॅगली हॉल या हवेलीसाठी केलेले लाकडी स्टँड बघण्यासारखे आहेत. दांड्याला गुंडाळलेले डॉल्फिन, थिजल्यासारखा ओघळणारा दगड, फांद्यांच्या टोकांना मेणबत्त्या. नक्षी अशी की दांडा शोधावा लागतो. मला ते आवडतात, पण घरी ठेवणार नाही, पुसणार कोण?

खरी गंमत तेलाच्या शेवटच्या दिवसांत आहे. १७८० मध्ये एमे आर्गां या स्विस माणसाने पोकळ, नळीसारखी वात आणि तिच्याभोवती हवेचा झोत आणला. त्यावर काचेची चिमणी आली आणि उजेड कैकपटींनी वाढला. पण दाट तेल वातीने फार उंच ओढलं जात नाही, म्हणून तेलाची टाकी ज्योतीच्या बाजूला, तिच्याच पातळीवर ठेवावी लागे, आणि त्या बाजूला सावली पडे. १८०० मध्ये कार्सेल या फ्रेंच घड्याळजीने टाकी खाली, पायात ढकलली आणि घड्याळासारख्या यंत्राने तेल वर चढवलं. दिव्याचा पाय पहिल्यांदाच नुसतं वजन न राहता कामाला लागला. मग आलं पातळ रॉकेल. ते आपणहून वातीत चढतं, यंत्राची गरज संपली. वरखाली सरकणाऱ्या दांड्याचे, पियानोशेजारी ठेवायचे रॉकेलचे उभे दिवे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला श्रीमंत घरांत दिसू लागले.

विजेचा दिवा आला आणि उजेडाची दिशा सुटी झाली. बल्ब उलटा टांगता येतो, एवढीच ती गोष्ट. पण शेडचं सगळं शास्त्र तिच्यामुळे पालटलं. न्यूयॉर्कच्या टिफनी स्टुडिओच्या रंगीत काचांच्या शेडा छत्रीसारख्या खाली झुकतात, त्यांच्या लिली दिव्यात बल्ब फुलांसारखे मान खाली घालतात. ज्योतीला हे शक्य नव्हतं. या शेडांचं श्रेय शंभर वर्षं एकट्या लुई कम्फर्ट टिफनीला जात होतं. तिथल्या स्त्रियांच्या काचकाम विभागाची प्रमुख क्लारा ड्रिस्कॉल हिची पत्रं अभ्यासकांच्या हाती लागली, आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या प्रदर्शनातून लोकांपुढे आलं की त्यांतल्या नावाजलेल्या कितीतरी शेडा तिच्या आणि तिच्या सहकारी बायकांच्या आहेत.

व्हेनिसमध्ये राहणाऱ्या मारियानो फोर्तुनीने नेमकी उलटी चाल केली. तो रंगभूमीचा माणूस. उजेड सरळ अंगावर न सोडता कापडावर आदळवून मऊ करायचा, हे त्याचं तंत्र. १९०७ मध्ये त्याने तेच दिव्यात आणलं. कॅमेऱ्याच्या तिपाईवर उलटी छत्री, आत बल्ब, आणि उजेड छत्रीवरून परतून येतो. आज फोटो स्टुडिओत जे दिसतं ते हेच.

मग पॅरिसची दोन दशकं, १९२० ते १९४०. धातुकाम करणाऱ्या एडगर ब्रांद्तने कांस्याचा नाग शेपटीवर उभा केला आणि त्याच्या वेटोळ्यात दोम या काचकारखान्याची शेड बसवली. जियाकोमेत्ती शिल्पकार म्हणून नावारूपाला यायच्या काळात जाँ-मिशेल फ्रांक या सजावटकारासाठी प्लास्टर आणि कांस्याचे उभे दिवे करत होता, आणि त्या कामाला तो शिल्पाहून हलकं मानत नसे. त्या दिव्यांचे सडसडीत दांडे बघितले की त्याची पुढची काटकुळी माणसं कुठून आली असतील, असा प्रश्न पडतोच. लंडनमध्ये एडवर्ड जेम्स हा श्रीमंत कलासंग्राहक आणि चित्रकार दाली यांनी १९३८-३९ मध्ये शॅम्पेनचे अवाढव्य पेले एकावर एक रचून दांडा केला. चेष्टा म्हणून उत्तम.

याच काळातला एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. इंदूरचे यशवंतराव होळकर दुसरे ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविदाशी गाठ पडली. १९३० ते १९३३ या काळात मुथेसियसने त्यांच्यासाठी इंदुरात माणिकबाग हा महाल उभारला. आत त्या वेळच्या पॅरिसमधल्या नामवंत डिझायनरांचं काम: रूलमानचं फर्निचर, आयलीन ग्रेची खुर्ची, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे. मुथेसियसने स्वतः काढलेले धातूचे आणि काचेचे उभे दिवे. आणि वाचायला बसायच्या लाल आरामखुर्च्या, ज्यांच्यात दिवे खुर्चीतच बसवलेले आहेत. दिव्यासाठी वेगळा पाय नको, खुर्चीचंच वजन वापरू, हा विचार मला फार पटतो. मराठा राजघराण्यातला एक तरुण त्या काळी युरोपातल्या सर्वांत नव्या कामाचा गिऱ्हाईक होता, हे आपल्याकडे कमी सांगितलं जातं. १९८० मध्ये मोनॅकोत सामानाचा लिलाव झाला आणि ते जगभर विखुरलं. महाल इंदुरात आहे, पण त्यात करखात्याची कचेरी बसली. २०१९ मध्ये पॅरिसच्या सजावटकला संग्रहालयाने या सगळ्यावर प्रदर्शन भरवलं.

युद्धानंतरचे दोन प्रवाह सांगतो. इसामु नोगुची हा जपानी-अमेरिकन शिल्पकार १९५१ मध्ये जपानच्या गिफू शहरी गेला. तिथला कागदी कंदिलांचा धंदा खालावला होता आणि तो सावरायला त्याची मदत हवी होती. बांबूच्या बारीक कामट्यांवर तुतीच्या सालीचा कागद, आत बल्ब, सगळं घडी करून चपटं होतं. त्याला तो ‘आकारी’ म्हणत असे आणि शिल्पच मानत असे. १९८६ च्या व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात अमेरिकेतर्फे त्याने हे दिवेही मांडले. आपल्याकडे मिळणारे गोल कागदी दिवे त्याचेच दूरचे नातेवाईक.

दुसरा प्रवाह मिलानचा, आणि तुमचा वाकलेला दिवा तिथला. १९६२ मध्ये अकिल्ले आणि पिएर जियाकोमो या कास्तिल्योनी बंधूंनी फ्लोस कंपनीसाठी ‘आर्को’ केला. अडचण साधी होती. जेवणाच्या टेबलावर उजेड हवा, पण छताला भोक पाडायचं नाही, आणि टेबल उद्या सरकवायचं असेल तर दिवाही सरकला पाहिजे. रस्त्यावरचा दिवा खांबावरून पुढे झुकतो, तसा त्यांनी घरातला दिवा झुकवला. कमान सुमारे दोन मीटर पुढे येते, म्हणजे टेबलावर बसलेल्यांच्या मागून माणूस ट्रे घेऊन जाऊ शकतो. एवढ्या लांबवर टांगलेलं वजन तोलायला मागे भार हवा, म्हणून कर्राराच्या संगमरवराचा सुमारे ६५ किलोचा ठोकळा. ठोकळ्याचे कोपरे मारलेले, कारण पायाला लागतात. त्यातून आरपार भोक, कारण झाडूचा दांडा घालून दोघांनी तो उचलायचा असतो. शेडच्या माथ्याला छिद्रं, बल्बची ऊब निघून जायला. दागिना वाटणारी प्रत्येक गोष्ट इथे काम करते. त्याच वर्षीच्या त्यांच्या ‘तोइयो’ दिव्यात बल्बच्या जागी मोटारीचा हेडलाइट होता; त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मरच पायाचं वजन झाला, आणि वायर मासेमारीच्या गळाच्या काठीला असतात तशा कड्यांतून वर गेली.

नंतरचा हॅलोजनचा काळ छताकडे उजेड फेकणाऱ्या स्वस्त दिव्यांचा. ३०० वॅटची नळी इतकी तापते की पडदा किंवा गादी तिला टेकली की पेटते. १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॅझवादक लायोनेल हॅम्प्टन यांचं घर अशाच कलंडलेल्या दिव्याने जळालं. त्याच वर्षी अमेरिकेत अशा सुमारे चार कोटी दिव्यांवर जाळी बसवण्याची मोहीम निघाली. जुन्या बाजारात असा दिवा दिसला तर एलईडी बसवता येत असेल तरच घ्या.

आता तुमच्या घरापुरतं. डिझायनरने दाखवलेली ती बहुधा आर्कोची नक्कल असणार. या नकलांवरून युरोपात मोठा खटला चालला. चीनमधून आणलेल्या अशाच एका दिव्यावरून फ्लोसने सेमेरारो या कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्यावर निकाल दिला. कायद्याचं सोडा, माझी काळजी पायाची आहे. स्वस्त नकलेत पहिली काटकसर वजनात होते. दुकानात शेड धरून हलकेच खाली दाबा आणि एका बाजूला ढकला. मागचा पाय तसूभरही उचलला गेला तर घरात लहान मूल असताना तो आणू नका. ठोकळ्याला आरपार भोक आहे का आणि कडा मारलेल्या आहेत का, हेही बघा. ज्याने हे दोन्ही गाळलं त्याने फक्त फोटो बघून दिवा केला आहे. तुमचं जेवणाचं टेबल भिंतीला लागून असेल तर या दिव्याची गरजच नाही. भिंतीवरचा ब्रॅकेट निम्म्याहून कमी पैशांत तेच काम करेल.

आजीच्या समईला भोक पाडू देऊ नका. दांड्याचे सांधे आट्यांचे असतात, दांडा आतून भरीव असतो; वायर घालायला तो आरपार खोदावा लागतो, आटे जातात आणि तबक कायमचं वाकडं बसतं. शिवाय पितळेच्या अंगातून मुख्य लाइन न्यायची तर अर्थिंग नीट हवं, आणि असं काम करणाऱ्यांपैकी बरेच जण ते करत नाहीत. हॉलमध्ये समई हवीच असेल तर जमिनीपासून दीडेक फूट उंच, जड लाकडी चौरंगावर ठेवा, म्हणजे सोफ्यावर बसलेल्याच्या डोळ्यांशी तिचा माथा येईल. उजेडासाठी शेजारी साधा कापडी शेडचा उभा दिवा घ्या, शेडची खालची कड जमिनीपासून साडेतीन ते पावणेचार फूट, बल्ब २७०० केल्विनचा. पितळ त्या पिवळट उजेडात खुलतं, पांढऱ्यात फिकट दिसतं. आणि समईचे आटे सैल झाले असतील तर एम-सील भरू नका, ओताऱ्याकडे न्या; तो आटे पुन्हा पाडून देईल.